मावशीच्या शब्दांचा परवाना

एका रविवारी सकाळी माझ्या बायकोने तिच्या मावशीला मेसेज केला, 'गारी आयली.' म्हणजे गाडी आली, बाहेर ये. फोनने आपली अक्कल चालवून तो दुरुस्त केला आणि पाठवला, 'गोरी आवडली.' तेव्हा माझ्या मेहुण्यासाठी मुली बघणं चालू होतं. मावशीला साडी बदलून बाहेर यायला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात ही बातमी तिने दोन गल्ल्यांत पोचवलीही. त्या आठवड्यात चर्चच्या दारात तीन जणांनी मेहुण्याचा हात हातात घेऊन विचारलं, "गोरी कोनची रे?" त्या बिचाऱ्याने तोवर एकही मुलगी पाहिलेली नव्हती.

बायको अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या गावठाणातली. तिच्या घरचे लोक ख्रिस्ती आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, पण त्यांच्या मराठीत गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा होतो आणि पाण्याचं पानी. मी कोकणातल्या गिरणी कामगाराचा नातू, नाहूरला राहणारा. लग्नानंतरची दोन वर्षं मी सासरी नुसता मान डोलवत बसायचो. तिथल्या कुणाला माझ्या शुद्ध मराठीचं कौतुक नव्हतं. फोनला मात्र फक्त माझंच मराठी कळायचं. तिचं मराठी दिसलं की तो खाली लाल रेघ मारायचा, नाहीतर परस्पर सुधारून टाकायचा.

"तू सॉफ्टवेअरवाला ना?" बायको मला म्हणाली. "मग याचं कायतरी कर ना. माझ्या घरच्यांना चुकीचे ठरवायला याला कोणी सांगितलं?"

मला हे सोपं वाटलं. पाच-सहा हौशी माणसं मिळून मराठीसाठी एक फुकटचा कीबोर्ड बनवतात. मी त्यांच्यात अधूनमधून लुडबुड करतो. आणि शब्दांची यादी तर आमच्याकडे तयारच होती. मावशीने गावठाणाच्या बोलीतले अडीच-तीन हजार शब्द वर्षानुवर्षं गोळा केले होते. काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत, घरचा करंज्यांचा ढीग संपवता संपवता, मी ते सगळे टाइप करून इंटरनेटवर टाकले होते. आता ती यादी उचलायची आणि कीबोर्डच्या शब्दकोशात घालायची. अर्ध्या तासाचं काम, असं मी बायकोला सांगितलं. माझा अर्धा तास म्हणजे काय ते तिला आता ठाऊक झालंय, तेव्हा नव्हतं.

मी यादी पाठवली. कीबोर्डचं काम सांभाळणाऱ्या बाई कोल्हापूरच्या. आम्ही कधी भेटलो नाही, पण त्यांच्या पत्रांवरून वाटायचं की समोर बसून चष्म्याच्या वरून बघतायत. त्यांचं उत्तर आलं, "यादी फार सुंदर आहे. घेता येणार नाही. परवाने जुळत नाहीत. आपण एकदा परवाना वाचून पाहावा."

हे 'आपण' मला बरोबर लागलं.

झालं होतं असं. नाताळात मी ती यादी चढवत होतो तेव्हा त्या साइटने विचारलं की ही कोणत्या परवान्याखाली देताय? समोर सात-आठ पर्याय होते. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो होतो, "मावशी, हे कोणी विकलं तर चालेल का?" आतून उत्तर आलं, "विकल त्याची तंगरी तोरीन!" मी 'फक्त बिगरव्यापारी वापरासाठी' यावर टिचकी मारली आणि पुढची करंजी उचलली. ऑफिसमध्ये जो माणूस दुसऱ्यांना परवान्यांवर व्याख्यानं देतो, त्याने मावशीच्या अख्ख्या आयुष्याच्या कामाचा परवाना एवढ्या वेळात ठरवला होता.

कीबोर्डचा परवाना होता जीपीएल. हा परवाना सांगतो, घ्या, वापरा, बदला, पाहिजे तर विकासुद्धा; पण पुढे ज्याला द्याल त्याला तुमचे बदल उघडे करून याच अटींवर द्या, आणि वर आपली एकही नवी अट घालू नका. आता 'विकायचं नाही' ही नवीच अट. मावशीची यादी आत घ्यायची तर ती अट सोबत येणार, आणि ती आली की जीपीएल म्हणणार, तू तरी राहा नाहीतर मी तरी.

संध्याकाळी हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे दोघंही म्हणतात वाटा?"

"हो."

"आणि दोघंही फुकट?"

"हो."

"तरी दोघांना एका ताटात वाढता येत नाही?"

"नाही ना."

"आणि असं काम करायचे तुम्हाला पगार मिळतात," ती म्हणाली आणि देठ बाजूला टाकू लागली. मग म्हणाली, "मावशीला मी सांगणार नाय हां. तू केलंस, तू जा."

पुढच्या शनिवारी मी एकटाच अंधेरीला गेलो. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. सत्तरी ओलांडली तरी आवाज असा की मधल्या तारांची गरज काय होती असा प्रश्न पडावा. तिच्या घराच्या पुढे मेट्रोचा खांब, मागे सात मजली इमारत, आणि मध्ये ती, कौलाखाली, ओसरीवर. मे महिना होता. ओसरीभर मिरच्या, धणे आणि हळकुंडं वाळत होती. वर्षाचा मसाला तिच्याकडे मे महिन्यात कुटतात आणि काचेच्या काळ्या बाटल्यांत दाबून भरतात. मी मिरच्यांवरून उड्या मारत खुर्चीपर्यंत पोचलो आणि खोकत खोकत विषय काढला.

"मावशी, ती शब्दांची यादी. त्यातली 'विकायचं नाही' ही अट काढावी लागेल."

"का? कोन विकनार हाय?"

"कोणी नाही विकणार."

"मग रावदे ना ती. कोनाला टोचते?"

मी म्हणालो, "दुसऱ्या परवान्याला टोचते." हे बोलताना मलाच ते खुळचट वाटलं.

मावशीने मिरच्या उलथायचं थांबवलं आणि मला एक गोष्ट सांगितली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एक बाई आली होती, गोड बोलणारी. मसाल्याची कृती मागितली. मावशीने दिली. सत्तावीस जिन्नस, कुठला किती भाजायचा ते सगळं, स्वतःच्या हाताने लिहून. वर एक बाटली भेट. वर्षभराने तोच मसाला दुकानात पाकिटातून आला. पाकिटावर लुगडं नेसलेल्या एका म्हातारीचं चित्र होतं. मागे लिहिलं होतं, 'आमच्या घराण्याची गुप्त कृती.'

"गुपित!" मावशी म्हणाली. "माझ्या हातची चिठी, आनि तिचं गुपित! नि वर त्यात नागकेसर कमी. मना त्याचा जास्त राग आला."

"विकलं म्हणून राग आला?"

"विकते मी पन. दर मे महिन्यात विकते. गल्लीत ये, बघ." तिने ओसरीच्या कोपऱ्यातल्या बाटल्यांकडे हात केला. "विकनं वाईट नाय. घेतलं नि कुलूप लावलं, ते वाईट."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तो क्वचितच पडलाय, म्हणून लक्षात आहे. मी खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, समजा तुम्ही ती कृती या जीपीएलखाली दिली असती. तर त्या बाईला मसाला विकता आला असता. पण ज्याला विकला त्याला पूर्ण कृती द्यावी लागली असती. तिने नागकेसर कमी केलं तर तेही लिहून. आणि तोही ती कृती घेऊन पुढे काहीही करायला मोकळा."

"पाकिटावर छापायला लागली असती?"

"पाकिटावर नाही तर सोबत चिठ्ठीवर."

"नि गुपित म्हनता आलं नसतं?"

"गुपित म्हणायची सोयच नाही."

"मग अरे मूर्खा," मावशी मनापासून म्हणाली, "हे मना नाताळात का नाय सांगितलंस? मना तर हेच पायजे होतं!"

खरं होतं. मी तिला विचारलं काय आणि तिने उत्तर दिलं काय. चूक प्रश्नाची होती, आणि प्रश्न माझा होता. मी तसं कबूल केलं. तिने मला कुळथाचं कालवण आणि भात वाढला. तिच्याकडे माफी अशीच मिळते.

मी हात धुताना ती म्हणाली, "पन एकट्या माझ्या हो म्हनन्याने होल काय? त्यातले अर्धे शब्द मढवालीचे हायत."

मढवाली म्हणजे तिची चुलत बहीण, मढला राहणारी. घरात सगळे तिला मढमावशी म्हणायचे. बाजारातले, होडीचे, जाळ्यांचे, माशांचे सगळे शब्द तिने दिलेले. नाताळात टाइप करताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. परवाना बदलायचा तर ज्याचं ज्याचं काम आत आहे त्या प्रत्येकाने हो म्हणायला हवं. मी म्हणालो, ठीक आहे, एक फोन करू.

"तू कर," मावशी म्हणाली. "आमी बोलत नाय."

"किती दिवस?"

"चर्चची पुस्तिका निघाली तेव्हापासून." चर्चने याच शब्दांची एक पुस्तिका छापली होती, त्याला सहा वर्षं झाली होती.

मढमावशीने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "तिला घेऊन ये. फोनवर मी कायपन देत नाय."

मावशीला न्यायला बायको सोबत आली, कारण माझ्या एकट्याच्याने ते होण्यासारखं नव्हतं. वर्सोव्याहून फेरीबोटीने पलीकडे पाच मिनिटं लागतात. मावशी त्या पाच मिनिटांत तीनदा म्हणाली की ती फक्त समुद्राची हवा खायला आलीय.

मढमावशीचं घर बुटकं, निळं, पुढे बोंबील वाळवायच्या काठ्या. शेजारी मोठा बंगला होता. तो शूटिंगला भाड्याने देतात, आणि त्या दिवशी तिथे मालिकेचं शूटिंग चालू होतं. मढमावशी दारात उभी होती. मावशीपेक्षा वीतभर उंच, केसात अबोली. तिने भाचीचा गालगुच्चा घेतला, मला "ये जावई" म्हणाली, आणि मावशीला म्हणाली, "आलीस?" मावशी म्हणाली, "हवा खायला."

चहा आला. मी परवान्याचं पुराण सुरू केलं: घेतलं तर उघडं ठेवायचं, बदललं तर काय बदललं ते सांगायचं. शेवटचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं मात्र, मढमावशीने कप खाली ठेवला.

"हे तिला सांग," ती म्हणाली. "आदी तिला सांग! मी दिला शब्द 'गेलंव'. मी गेलंव, मी आयलंव. आमी मढला तसंच बोलतांव. नि पुस्तिकेत छापलं काय? 'गेलू'! माझ्या प्रत्येक शब्दाचं शेपूट कापून तिने आपलं लावलं. विचारलं? नाय. सांगितलं? नाय. वर माझे आभार मानले!"

"गेलूच बरोबर हाय," मावशी म्हणाली. "गावात सगळे गेलू—"

"कनच्या गावात?"

"आमच्या!"

"मग तुझ्या गावाची पुस्तिका काढ ना! माझे मासे कशाला घेतलेस?"

आवाज चढत गेले. सहा वर्षांचं सगळं साचलेलं बाहेर येत होतं. एवढ्यात कुंपणापलीकडून भोंग्यावरून कोणीतरी ओरडलं, "सायलेन्स!" आणि दोघी थबकल्या. नुसत्या चहाच्या वाफा निघत होत्या. पलीकडे एक सून कोणालातरी घर सोडून जायची धमकी देत होती. मिनिटभराने "कट" ऐकू आलं.

"माशांची नावं तरी बदलली काय मी?" मावशीने लगेच सुरू केलं.

"मांदेलीचं काय केलंस? सांगू?"

"सायलेन्स!"

तिसऱ्या वेळी शूटिंगवाल्यांचा एक माणूस, गळ्यात वॉकीटॉकी लटकवलेला, कुंपणापाशी आला आणि हात जोडून हिंदीत म्हणाला, आंटी, तुमचा आवाज मॅडमच्या आवाजावर चढतोय. मढमावशी त्याला म्हणाली, "तुमच्या म्याडमला जरा मोठ्याने रडाया सांगा." तो गेला, पण त्यानंतर दोघी कुजबुजत भांडू लागल्या. मी आणि बायको एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं असतं तर संपलंच होतं. दोन बायका, मिळून दीडशे वर्षांच्या, डोक्याला डोकं लावून एकमेकींच्या कानात शिव्या देत होत्या. आणि कुजबुजत फार वेळ भांडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ऐकायला जवळ यावं लागतं. मध्येच मांदेलीवरून काहीतरी निघालं, दोघींच्या एका मेलेल्या आत्याचं, आणि मढमावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मावशी आधी हसली नाही. मग तिलाही आवरेना. पलीकडून पुन्हा एकदा सायलेन्सची आरोळी आली.

हसू ओसरल्यावर मावशी खाली बघत म्हणाली, "विचारायला पायजे होतं. ते चुकलं."

मढमावशी आत गेली आणि तिची मूळ वही घेऊन आली. मढच्या शब्दांची, एकही शेपूट न कापलेली. ती तिने माझ्या हातात दिली, मावशीच्या नाही.

"दोन्ही घाल," ती मला म्हणाली. "तिचं गेलू, माझं गेलंव. एक काढलंस तर मी माझं हो परत घेईन."

परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, हे मी तिला सांगणार होतो. बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

कोल्हापूरच्या बाईंना संमती लेखी हवी होती. मावशीने इंग्रजीत, टेलिफोन खात्याच्या थाटात, दोन परिच्छेद लिहिले. शेवटी 'युवर्स फेथफुली'. मढमावशीने फोन हातात घेतला, एका बोटाने बराच वेळ टाइप केलं, फोनने जिथे जिथे सुधारलं तिथे तिथे मागे जाऊन परत बिघडवलं, आणि पाठवलं, 'मना चालल. कोनीपन घ्या. कुलूप नको.' बाईंचं मला उत्तर आलं, "दुसरी संमती पहिलीपेक्षा स्पष्ट आहे." एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलेलं नाही.

परतीच्या बोटीवर मावशीच्या पिशवीत सुके बोंबील होते. बायको म्हणाली, "हवा चांगली होती ना?" मावशी म्हणाली, "वाईट नाय."

त्यानंतर मला माझे अर्धे तास लागत राहिले. दोन वह्या ताडून बघायच्या, दोन्हींतले शब्द राखायचे, कुठला शब्द कुठल्या गावाचा त्याची खूण ठेवायची. पावसाळा सरता सरता यादी शब्दकोशात गेली आणि कीबोर्डची नवी आवृत्ती आली. बायकोने पहिल्यांदा 'गारी' टाइप केलं तेव्हा खाली लाल रेघ आली नाही. तिने तो शब्द खोडून पुन्हा एकदा टाइप केला. मग म्हणाली, "झकास," आणि डोळे पुसायला बेसिनकडे गेली. मी विचारलं तर म्हणाली, कांदा. त्या दिवशी आमच्याकडे कांदा चिरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मी 'गेल' लिवलं की हा मना 'गेलंव' आदी का दाखवतो? माझं गेलू खाली का?"

मी सांगितलं की दोघींच्या शब्दांना मी मुद्दाम सारखंच वजन दिलंय. अशा वेळी यादीत जो वर तो आधी दिसतो. आणि संगणक अक्षरं लावताना अनुस्वार आधी घेतो, ऊकार नंतर.

"बाराखरी म्हन," पलीकडून हुकूम आला.

"काय?"

"म्हन. क का कि की."

मी नाहूरच्या फ्लॅटमध्ये, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा, लॅपटॉप खांद्याला, बाराखडी म्हटली. क का कि की कु कू के कै को कौ कं कः.

"ऊ आदी का अं आदी?"

"ऊ आधी."

"मग?"

तिचं बरोबर होतं. शाळेत अं शेवटीच येतो. संगणकाला ज्यांनी अक्षरांचे आकडे दिले त्यांनी तो पुढे ठेवला, आणि एवढ्या दिवसांत ते माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. मी ती तक्रार कीबोर्डच्या तक्रारवहीत नोंदवली. कोल्हापूरच्या बाईंनी खाली लिहिलं, "मुद्दा योग्य आहे. क्रम बदलल्यास मढकडून तक्रार येईल का?"

मी मढमावशीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "येल."

ती नोंद अजून उघडी आहे. दोघी मावश्या आता रोज एकमेकींना मेसेज करतात, सकाळी माशांचे भाव आणि दुपारी शब्दांवरून वाद. कधी कधी दोघी मलाही तेच मेसेज पाठवतात, साक्षीदार म्हणून. त्यातलं आता मला जवळजवळ सगळं कळतं, आणि मी दोघींनाही फक्त अंगठ्याचं चित्र पाठवतो.